नांग्या नसलेले वाफे

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाकडी रेघ सहन व्हायची नाही. डोक्यावरची टोपी कायम एका कानावर घसरलेली, सदऱ्याची बटणं एक घर चुकून लावलेली, पण वाफ्याचा बांध मात्र सुतात पाहिजे. पाऊस सरत आला आणि जमीन ना चिखल ना कोरडी अशी वाफशावर आली की रानातून दोनदा कुळव फिरायचा. मग आम्ही ढेकळं फोडायचो, शेणखत पाटीपाटीनं विसकटायचो, आणि माती हाताला मऊ लागायला लागली की दादा सुतळीचं बंडल घेऊन हजर. सुतळीचं एक टोक खुंटीला आणि दुसरं माझ्या हातात. ते एक डोळा मिटून सुतळीकडे बघत राहायचे आणि मी पुतळ्यासारखी उभी. मी श्वास घेतला तरी रेघ हलते असा त्यांचा आरोप होता. आई ढेकळं फोडता फोडता म्हणायची की पाणी काही पट्टी घेऊन येत नाही, त्याला जायचं तिकडे ते जातं. दादा सुतळी आणखी ताणायचे. पहिलं पाणी सोडलं की सगळ्यात सरळ बांध सगळ्यात आधी फुटायचा, आणि आई काही न बोलता पदर तोंडाशी धरून दुसरीकडे बघायची. ते न बोलणं दादांना जास्त लागायचं.

मळा शहराबाहेर, मखमलाबादच्या पुढे, पाटाच्या खालच्या अंगाला. आता तिथे सात मजली इमारती आहेत. मी एकदा मुद्दाम रिक्षा करून बघून आले. जिथे आमची विहीर होती तिथे लहान मुलांची घसरगुंडी आहे, आणि पार्किंगचे पिवळे पट्टे इतके सरळ मारलेत की दादांनी त्या माणसाला चहाला बोलावलं असतं. तेव्हा मळ्यात पत्र्याचं छप्पर असलेलं तीन खोल्यांचं घर होतं आणि घरात आम्ही चौघं. दादा, आई, मी, आणि दादांची थोरली बहीण, आमची आत्या. नवरा लवकर गेल्यावर ती माहेरी आली ती कायमचीच, आणि आल्या दिवसापासून तिनं घराचा ताबा घेतला. तिचा आवाज घोगरा होता आणि तो पाटापर्यंत जायचा. शेजारच्या मळ्यातले लोक तिच्या आवाजावर घड्याळ लावायचे, असं दादा तिच्या माघारी म्हणायचे. समोर म्हणायची त्यांची छाती नव्हती.

भाजी पिकवणाऱ्याच्या घरात चांगली भाजी शिजत नाही, हे लोकांना सांगून खरं वाटत नाही. फ्लॉवरचा पांढराशुभ्र गड्डा मार्केटला जायचा आणि आमच्या ताटात यायचे त्याचे दांडे. आत्या ते दांडे सोलून, बारीक चिरून, लसणाच्या फोडणीत परतायची, वर शेंगदाण्याचा कूट. सोबत बाजरीची भाकरी आणि तव्यावरच रगडलेला ठेचा. मला सतरा वर्षांपर्यंत वाटत होतं की फ्लॉवर ही दांड्यांची भाजी आहे आणि गड्डा हा शहरातल्या लोकांना दाखवायला असतो. आज माझी सून दांडे कचऱ्याच्या डब्यात टाकते तेव्हा मी तोंड उघडते, आणि ती, "हो आई, तुमची रेसिपी," असं म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवते. चार दिवसांनी ती ते तिथूनच टाकते.

लावणीचा आमच्या घरचा एक नियम होता, तो सांगायला हवा. लावलेली सगळी रोपं जगत नाहीत. काही उन्हानं जातात, काही अळी बुडातून कुरतडते, आणि वाफ्यात मध्येच मोकळी जागा दिसते. त्या मोकळ्या जागांना नांग्या म्हणतात. आठ-दहा दिवसांनी तिथे नवं रोप लावायचं, म्हणजे नांग्या भरायच्या. बाकीच्यांच्या मळ्यात हे काम जो मोकळा असेल तो करायचा. आमच्याकडे ज्याचा वाफा त्यानं त्याच्या नांग्या भरायच्या. म्हणजे वाफा कुणी लावला ते महिनाभर विसरायची सोय नव्हती. दादा हात मागे बांधून बांधाबांधानं फिरायचे आणि नांग्या मोजायचे. नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"ची मला शाळेच्या प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त धास्ती होती.

आणि दुसरा नियम होता चार दिवसांचा. तो आमच्याच घरचा नव्हता, आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत होता. बाईची अडचण असली की तिनं वाफ्यात पाय ठेवायचा नाही. ठेवला तर रोपं मरतात. वांगी, मिरची, फ्लॉवर, काहीही असो. तिची सावलीसुद्धा पडायला नको. त्या चार दिवसांत आई गोठ्याच्या बाजूच्या पडवीत बसायची. वेगळं पोतं, वेगळी थाळी, वेगळा तांब्या. तिथे बसून ती गोधडीला टाके घालायची, दुपारी सरळ आडवी होऊन झोपायची, आणि गुणगुणायची. एरवी वर्षभर मी तिचं गुणगुणणं ऐकलं नाही. तिला थाळी दादा स्वतः नेऊन द्यायचे, थोडी लांब ठेवायचे आणि माघारी फिरताना "मीठ बघ गं" म्हणायचे. आई आणि आत्या एकदमच बसल्या तर दादा पिठलं करायचे. त्यात एवढाले गोळे असायचे की ते चमच्यानं नव्हे, बोटांनी वेचून खावं लागायचं. दोघी पडवीत बसून त्या पिठल्यावर हसायच्या आणि दादा चुलीपुढून ओरडून विचारायचे की एवढं काय झालंय.

मला मात्र हे चार दिवस अजिबात आवडायचे नाहीत. मी तेव्हा अकरावीला, शहरातल्या कॉलेजात सायकलनं जाणारी, आणि जीवशास्त्राच्या बाईंनी नुकतीच फळ्यावर आकृती काढून सगळं नीट समजावून सांगितलेलं. त्यात रोपं मरण्याचा कुठे उल्लेख नव्हता. घरी येऊन पुन्हा त्या पोत्यावर बसायचं म्हणजे मला अपमान वाटायचा. मी तोंड पाडून बसायची आणि आत्या म्हणायची, "पुस्तक वाच ना, कोण नाय म्हणतंय." मी हट्टानं वाचायची नाही.

त्या वर्षी फ्लॉवरचं रोप मोठं झालं, पानांवर निळसर झाक आली, आणि पाटाला पाणी सुटल्याचा निरोप आला. पाणी दोनच दिवस मिळणार होतं. ते चुकलं तर रोप गादीवाफ्यातच, बी टाकलं होतं तिथेच, जून झालं असतं, आणि जून रोपाला गड्डा लिंबाएवढा धरतो. मजुरीला येणाऱ्या बायका द्राक्षाच्या बागांकडे गेलेल्या. आई आदल्याच दिवशी पडवीत बसलेली. उरलो आत्या, दादा आणि मी. आणि त्याच सकाळी माझीही वेळ आली.

मी न्हाणीत उभी राहून विचार केला. खरं सांगते, विचार फार उदात्त नव्हता. थोडी दादांची कीव होती, थोडी बाईंची आकृती होती, आणि बराचसा भाग पडवीत न बसण्याच्या आनंदाचा होता. मी कुणाला काही बोलले नाही. दिवसभर दादांनी गादीवाफा भिजवून रोपं उपटून दिली, आत्या आणि मी लावत गेलो. मुळं शेणकाल्यात बुडवायची, बोटानं खड्डा करायचा, रोप ठेवायचं, दोन्ही अंगठ्यांनी माती दाबायची आणि पुढे सरकायचं. उन्हं कलेपर्यंत माझे नऊ वाफे झाले, आत्याचे अकरा. पडवीतून आई आमच्याकडे बघत होती. तिनं एकदा माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, कारण मी स्वतःवर फार खूश होते.

ही खुशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. नव्या जागी गेलेलं रोप दोन-तीन दिवस मान टाकतं. हे मला चालता येत नव्हतं तेव्हापासून माहीत होतं. आत्याच्या वाफ्यातली रोपंही माना टाकून पडलीच होती. पण मला फक्त माझी दिसत होती. नऊ वाफे, आणि एकेक रोप जमिनीला लागलेलं. बाईंची आकृती कुठल्या कुठे गेली. मी घरातलं पीक मारलं, दादांचं वर्ष घालवलं, आणि का, तर पोत्यावर बसायचं नव्हतं म्हणून. मी गावातल्या देवीला नारळ बोलले. लगेच लक्षात आलं की अजून दोन दिवस मला देवळात जाता येणार नाही, म्हणून तिला थोडं थांबायला सांगितलं.

मग मी त्या रोपांची जी सेवा केली तशी पुढे पोटच्या मुलाचीही केली नाही. कॉलेजला जायच्या आधी उठून तांब्यानं एकेका रोपाच्या बुडाशी पाणी घालायचे. एरंडाची पानं खुडून, काडी टोचून, त्यांच्या टोप्या करून दुपारच्या उन्हात एकेका रोपावर घालायचे आणि संध्याकाळी काढायचे. माती उकरून अळ्या वेचायचे. दादांना वाटलं पोरीला शेतीची गोडी लागली. ते दिसेल त्याला सांगत सुटले. आत्या काहीच बोलली नाही, आणि आत्या काही बोलत नाही म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं.

दहाव्या दिवशी दादा बांधावरून फिरले. आत्याच्या वाफ्यात नांग्याच नांग्या होत्या, अळीनं अर्ध्या ओळी कुरतडल्या होत्या. माझ्या नऊ वाफ्यांत मिळून तीन. दादा दोनदा फिरून आले, त्यांना आपलं मोजणं चुकलं असं वाटलं. मग "हं" न म्हणता ते पूर्ण वाक्य बोलले, "आक्का, पोरीच्या हाताला गुण हाय." शेजारच्या मळ्यातल्या माणसाला हाक मारून त्यांनी माझे वाफे दाखवले. मी बांधावर उभी होते आणि माझी भीती गेली ती गेलीच, तिच्या जागी असा काही ताठा भरला की विचारू नका. बाई बरोबर होत्या. आकृती बरोबर होती. आता हे सगळ्यांना सांगायचं, दुपारच्या जेवणालाच सांगायचं, आणि ते पोतं कायमचं बंद करायचं, असं मी ठरवलं. तांब्या, टोप्या आणि वेचलेल्या अळ्या यांचा त्या वाफ्यांशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सांगायच्या आधी दोघींना खूश करावं म्हणून मी विहिरीवर गेले. आई धुणं धूत होती, आत्या पिळत होती. मी एका दमात सगळं सांगितलं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. आत्यानं लुगडं पिळून दगडावर ठेवलं.

"लय शाणी झाली," ती म्हणाली. "रोपं मरत नाय हे आम्हाला ठावं नाय, असं वाटलं का तुला? तुझा आजा व्हता तवा मी अशीच अख्खी मिरची लावली व्हती. तोडायला बायका पुरल्या नाय, एवढी आली."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही.

"सांगून मला काय मिळालं असतं? अजून चार वाफे." तिचा आवाज नेहमीसारखा पाटापर्यंत गेला नाही, तो विहिरीपाशीच राहिला. "अंगात ताप असला तरी खुरपं सुटत नाय आमचं. तुझी आई बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी निंदायला बसली, तवा कोण म्हणालं नाय तिला का बस म्हणून. बाईला बस म्हणणारं या घरात हे एकच हाय. एकदा का भाऊला कळलं रोपाला काय व्हत नाय, मग बसवणार कोण आम्हाला? तू? तू जाशील कॉलेजात."

मी आईकडे बघितलं. ती साबणाचा हात तसाच धरून होती. मला वाटलं ती आत्याची बाजू घेईल किंवा माझी तरी घेईल. ती म्हणाली, "बोलायचं तर बोल, मंदे. खरं हाय ते. खरं बोलू नको असं मी कसं म्हणू?" आणि पुन्हा धुवायला लागली.

तिनं गप्प बस म्हटलं असतं तर मी नक्की बोलले असते. त्या वयात तेवढीच अक्कल होती मला.

पुढे मी अंबडला एका शाळेत विज्ञान शिकवलं, तीस वर्षं. तोच धडा, तीच आकृती. कारखान्यात जाणाऱ्यांच्या मुली वर्गात असायच्या आणि दरवर्षी एखादी धीट पोरगी विचारायची, बाई, मग लोणचं खराब होत नाही ना, तुळस जळत नाही ना. मी सांगायची, नाही, काही होत नाही. ते मी मनापासून सांगितलं, आणि माझ्या सुनेला, नातीला मी कधी वेगळं बसू दिलं नाही. वेगळी थाळी ही वेगळीच थाळी असते, तिचा राग मला आजही येतो. पण धडा संपला की माझ्या डोळ्यांपुढे आई यायची, पडवीत आडवी झालेली, डोळे मिटून गुणगुणणारी. तिचे चार दिवस काढून घ्यायचे तर बदल्यात तिला काय द्यायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

तर त्या दुपारी आम्ही बांधावर जेवायला बसलो. भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा. दादा खुशीत होते. त्यांनी विचारलं, "मंदे, काय केलंस गं तू? नांगी म्हणून नाय तुझ्या वाफ्यात." आत्याचा घास हातात राहिला. आई तांब्यातून पाणी ओतत होती, ते ओतणं जरा लांबलं. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. मी म्हटलं, "काही नाही. आत्यानं दाखवलं तसं लावलं." आत्याला ठसका लागला. दादा म्हणाले की मग आक्काच्या स्वतःच्या वाफ्यांचं काय झालं, आणि त्यावर आत्यानं त्यांची अशी काही खरडपट्टी काढली की शेजारच्या मळ्यातली माणसं जेवून उठली.

आपण मोठा त्याग केला असं वाटून मी पुढचे काही दिवस फार गंभीर चेहऱ्यानं वावरत होते. सायकलही हळू चालवायची. खरा प्रसंग दिवाळीनंतर आला. फ्लॉवरमधलं तण काढायची दुसरी निंदणी चालू होती. आई पडवीतून उठून कामाला लागल्याला जेमतेम दहा दिवस झाले होते. त्या सकाळी मी चहा घ्यायला चुलीपाशी गेले तर ती उठताना भिंतीला धरून उभी राहिली. डोळे ओढलेले, ओठ कोरडे. मी हात लावून बघितला, अंग तापलेलं. झोप म्हटलं तर म्हणाली, पाच वाफे राहिलेत, आणि खुरपं शोधायला लागली. मी ते तिच्या आधी शोधलं आणि उचलून बाहेर आले. दादा बांधावर उभे होते. काय बोलायचं ते मी चालता चालता ठरवलं.

"दादा, आई आज यायची नाही," मी म्हटलं. "बसलीय ती."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मग पडवीकडे. पडवी रिकामी होती.

"आत्ता तर उठली ना? दहा दिस झाले."

"हो," मी म्हटलं. "पुन्हा बसलीय."

मला खोटं बोलताना शब्द सुचत नाहीत, अजूनही सुचत नाहीत. मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. समोर फ्लॉवर गुडघ्यापर्यंत आला होता, पानांच्या पोटात मुठीएवढे गड्डे धरले होते. त्या सगळ्या रानात रोप म्हणावं असं एकही उरलं नव्हतं, आणि दादांसारख्या माणसाला रोप कशाला म्हणतात हे ठाऊक नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

"मग नको येऊ म्हणावं," ते म्हणाले. "रोपं मरायची."

माझ्या हातातलं आईचं खुरपं त्यांनी घेतलं, आणि ते तिच्या ओळीला निंदायला बसले.